साठ दिवसांचा कागद

बाबा,

आज दुपारी माझ्या टेबलासमोर एक बाप आणि त्याची लेक येऊन बसले. मुलगी नुकतीच नोकरीला लागलेली, पहिली गाडी घेत होती. बाप नुसता सोबतीला आला होता. मी तिच्यासमोर तीन कंपन्यांचे कागद मांडले होते. कोणती कंपनी काय देते, कुठे हात आखडते, गाडी ठोकली तर रायपुरात कोणाची किती गॅरेजं आहेत, फोन केला तर कोण उचलतं, हे एकेक करून सांगत होते आणि ती पोरगी मन लावून मोबाईलमध्ये टिपून घेत होती. तेवढ्यात बाप म्हणाला, "मॅडम, ये सब छोड़िए. हमारे पहचान का आदमी है, वही करा देगा." पोरीचा अंगठा मोबाईलवर थांबला. तिनं बापाकडे पाहिलंही नाही, खाली मान घातली. आणि मी त्या अनोळखी माणसाला म्हटलं, "अंकल, पॉलिसी पर पहचान नहीं छपती." आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरची मुलगीही वळून पाहू लागली. तो माणूस उठला, लेकीला घेऊन निघून गेला. मी ते तीन कागद पुन्हा फाईलला लावले आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलून राहिले आहे. मनातल्या मनात पुष्कळ वर्षं बोललेय. आज लिहून काढते.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी अजून समता कॉलनीतच आहे, आई माझ्याकडे आहे. तिला जवळचं विसरायला होतं आणि लांबचं सगळं आठवतं. तुमच्याबद्दल ती फार चांगलं बोलते. मी हो हो म्हणते.

ती गाडी तुम्ही घेतली, कारण तुमचं ऑफिस गावातून उठून नव्या रायपुरात गेलं होतं. नवं राज्य झालं तेव्हा तुम्हाला केवढा आनंद झाला होता! बाबूचे साहेब होतील म्हणायचे लोक. मग ती एवढाली इमारत उभी राहिली, एवढाले रस्ते झाले, आणि त्या रस्त्यांवर माणूस दिसेना. ऑफिसची बस सकाळी एकदा जायची, संध्याकाळी एकदा यायची. एक बस चुकली की दिवसच गेला. तुमच्या बरोबरीच्या दोघांनी गाड्या घेतल्या तशी तुम्हीही घेतली, जुनी, बिस्किटाच्या रंगाची. चालवायला म्हणून दोनदा बसलात. दुसऱ्यांदा फाटकाच्या खांबाला घासली आणि तुम्ही उतरून किल्ली माझ्या हातात दिली. "तूच शीक," म्हणालात. "मले या वयात जमत नाही." मी तेव्हा तेवीस वर्षांची, राज्याच्या परीक्षेची तयारी करून राहिले होते. नव्या रायपूरच्या त्या मोकळ्या रस्त्यांवरच शिकले. लायसन काढलं. मग रोज सकाळी तुम्हाला ऑफिसच्या फाटकाशी सोडायचं, डबा हातात द्यायचा आणि परत यायचं, हे माझं काम झालं. खोटं कशाला लिहू, मला ते आवडायचं. तुम्ही बाजूला बसून पेपर वाचायचे आणि गतिरोधक आला की न पाहता म्हणायचे, "हळू." रस्ता पाठ झाला होता तुम्हाला.

पहिल्या वर्षीचा विमा गाडीबरोबरच आला होता. तो संपायला आला तेव्हा मी तुम्हाला न सांगता शंकर नगरात गेले. दोन दुपारी लागल्या. पहिल्या कंपनीत थंडगार एसी होता आणि एकही सरळ उत्तर नव्हतं. दुसरीकडे काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि समजावलं की विम्याचे दोन भाग असतात. एक आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी आणि दुसरा आपल्या गाडीनं ज्याला लागेल त्याच्यासाठी. कायद्यानं सक्तीचा असतो तो दुसरा. लोक मात्र पहिल्याचंच विचारतात, असं म्हणून ती हसली. तिसरी जुनी सरकारी कंपनी. तिथल्या माणसानं चहाचा कप बाजूला सारायला दहा मिनिटं घेतली, पण कोर्टकचेरी झाली तर आमचा वकील उभा राहतो, असं छातीठोक सांगितलं. मी सगळं परीक्षेच्या सरावाच्या कोऱ्या पानावर रेघा मारून लिहिलं. गाडी पाहायला माणूस रायपूरचाच येणार की बाहेरून, पैसे आधी आपण भरायचे की कंपनी परस्पर भरणार, पक्की पॉलिसी किती दिवसांत हातात येते. शेवटच्या रकान्यात मी माझं मत लिहिलं होतं. मला त्या पानाचा अभिमान वाटत होता, बाबा. परीक्षेत काय होईल ते होवो, हे एक काम मी नीट केलं होतं.

रविवार होता. तुम्ही पान हातात घेतलं, चष्मा नाकावर सरकवून वरून खाली वाचलं. मग विचारलं, "हे तुले कोणं सांगतलं होतं?"

"कोणीच नाही. मीच पाहून आले."

"आपला माणूस आहे नं विम्याचा? मग चार दुकानं फिरून काहून आली? भाजी आहे का ते?"

मी म्हटलं, "बाबा, माणूस कोणीही असू द्या, कंपनी तं पाहावी लागते."

तुम्ही पान चारदा घडी करून चहाच्या कपाखाली ठेवलं. बशी ओली होती. "माणूस पाहून काम करावं, कागद पाहून नाही," म्हणालात. "दोन पुस्तकं वाचली म्हणून आपल्या माणसाची परीक्षा घ्यायची नसते. पोट्टी लहान आहे, लहानच राहा."

तो आपला माणूस म्हणजे एजंटकाका. तुमच्या तालुक्यातला, वर्ध्याकडचा. एवढंच त्याचं तुमच्याशी नातं. त्याच रविवारी पोह्यांच्या वेळेला आला, दोनदा पोहे घेतले, गावाकडे कोणाची विहीर आटली नि कोणाचा पोट्टा पुण्याला गेला हे सांगितलं. मग पिशवीतून पॅड काढून बॉलपेननं एक पावती भरली. कव्हर नोट. "साठ दिवस हा कच्चा कागद चालतो, दादा. तेवढ्यात पक्की पॉलिसी पोस्टानं घरी येते," म्हणाला. तुम्ही पैसे रोख दिले आणि पावती माझ्याकडे सरकवली, "ठेव गाडीत. तुझ्या त्या तीन कंपन्यांपेक्षा लवकर झालं का नाही?" काका हसला. आई स्वयंपाकघरातून हसली. मी प्लॅस्टिकच्या पाकिटात तो कागद घातला आणि गाडीच्या कप्प्यात ठेवला. गाडीचे बाकीचे मूळ कागद तुम्ही गोदरेजच्या कपाटात कुलपात ठेवत होता, हरवतील म्हणून. कप्प्यात त्यांच्या झेरॉक्स होत्या आणि हा एक कागद.

पक्की पॉलिसी आली का, म्हणून मी तुम्हाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही "येईल" म्हणालात. दुसऱ्या वेळी तर पेपरातून डोकंही वर काढलं नाही. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी तुम्हाला फाटकाशी सोडलं. फाटकावरच्या गार्डनं रोजच्यासारखा मला हात केला. परत निघाले. पहिल्या मोठ्या चौकात सिग्नल बसवलेले होते, पण सुरू नव्हते. डावीकडून सायकलवर एक माणूस येत होता, मागे थापी-ओळंब्याची पिशवी बांधलेली. मला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. चूक माझी होती. रस्ता मोकळा असतो या सवयीनं मी चौकात वेग कमी केला नाही. हे मी पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, आजही सांगते. गाडीचा कोपरा त्याच्या पायावर गेला. तो ओरडला नाही. रस्त्यावर बसल्यासारखा पडला आणि आपल्या पायाकडे पाहत राहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी आणि एका ट्रॅक्टरवाल्यानं मिळून त्याला मागच्या सीटवर घेतलं आणि दवाखान्यात नेलं.

तो मिस्त्री होता, जवळच्याच गावातला. तुमच्या ऑफिसपलीकडे ज्या नव्या इमारती होत होत्या, त्यांच्या भिंती बांधायचा. दोन तासांनी त्याची बायको आली. कोणी तरी तिला सांगितलं असणार की गाडीवाली हीच. ती भांडली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "गाड़ी के बीमा तो होही न, दीदी?" मी म्हटलं, "हव. हे. झन घबरा." आहे, घाबरू नको, असं तिच्याच बोलीत, तिचा हात हातात घेऊन म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं, बाबा.

ठाण्यात हवालदारानं कागद मागितले. मी ते पाकीट दिलं. त्यानं लायसन पाहिलं, झेरॉक्स पाहिल्या, मग तो कच्चा कागद उजेडात धरला. "मॅडम, ये तो खतम हो चुका है. पक्की पॉलिसी दिखाइए." मी म्हटलं, घरी असेल, वडील येतील. तिथूनच कोणी तरी कंपनीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं की या नंबरावर पैसे जमा झालेले नाहीत, पॉलिसी निघालेलीच नाही. मी त्या बाकावर बसले होते आणि मला दवाखान्यातला माझा तो "हव" ऐकू येत होता.

तुम्ही कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आलात. हातात डबा होता, सकाळी मी दिलेला, अजून न उघडलेला. मला वाटलं, आता झालं, आता बाबा आले. ठाणेदारानं तुम्हाला खुर्ची दिली, तुमचं पद विचारलं, आणि मग विचारलं, "बीमा नहीं था, आपको मालूम था? गाड़ी आपने दी थी बच्ची को?"

तुम्ही म्हणालात, "नहीं सर. बिना पूछे ले गई. मैं तो आज स्टाफ़ बस से आया हूँ."

इतकं स्वच्छ हिंदी तुम्ही घरी कधी बोलला नव्हता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवला. ठाणेदारानं माझ्याकडे पाहिलं आणि मी काहीच बोलले नाही. नाही म्हणायचं मला सुचलं नाही, असं नव्हे. मला वाटलं, यात काही तरी डाव असेल, घरी गेल्यावर सांगाल.

घरी गेल्यावर तुम्ही आंघोळ केली आणि झोपलात. सांगितलं ते आईनं, दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात. माझा जबाब त्या दिवशी लेखी व्हायचा होता. आई कणीक मळत होती आणि माझ्याकडे न पाहता बोलत होती. विमा नसलेली गाडी माहीत असून दुसऱ्याला चालवायला दिली तर मालकावरही गुन्हा लागतो. तुमच्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती आणि कक्ष अधिकाऱ्याची बढती त्याच महिन्यात निघणार होती. "चौकशी लागली तं सगळं जाईल त्यायचं," आई म्हणाली. "तुले अजून समोर सगळं आहे. त्यायचं काय आहे आता? एवढं लिहून दे नं, बाई."

"मी रोज सोडते त्यांना. सगळं ऑफिस पाहते."

"ऑफिसवाले नाही बोलत काही. मी तुझ्या बाबाले विचारलं."

म्हणजे तुम्ही झोपला नव्हतात. विचारून ठेवलं होतं. फाटकावरच्या गार्डलासुद्धा. आईनं कणकेचा हात तसाच माझ्या हातावर ठेवला. मी माझा हात धुतला आणि ठाण्यात जाऊन लिहून दिलं की गाडी मी वडिलांना न विचारता नेली. सहीखाली तारीख घातली. माझ्या अक्षराचं तुम्ही नेहमी कौतुक करायचे.

तरी मी तुम्हाला एक संधी दिली, बाबा. तुम्हाला आठवत असेल. आठवड्यानं मी म्हटलं, एजंटकाकावर तक्रार करा. पैसे घेऊन भरले नाहीत, साधी गोष्ट आहे. कंपनीत लिहून द्या, ठाण्यात लिहून द्या, मी लिहून आणते, तुम्ही नुसती सही करा. तुम्ही पेपराचं पान उलटलंत. मग म्हणालात, "त्याच्या घरी दोन पोरी लग्नाच्या आहेत. त्याच्या पोटावर पाय काहून देऊ? आपलाच माणूस आहे. अडचणीत असन, वापरले असन पैसे."

मी विचारलं, "आणि मी?"

तुम्ही पेपर घडी करून टीपॉयवर ठेवला आणि बाहेर झाडांना पाणी घालायला गेलात. दुपारचे बारा वाजले होते. त्या वेळी कोणी झाडांना पाणी घालत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी माझ्या तोंडून ऐकलं नाही म्हणून लिहिते. त्याच वर्षी माझं नाव परीक्षेच्या यादीत आलं. तुम्ही पेढे आणले आणि मला एक मनगटी घड्याळ दिलं, सोनेरी पट्ट्याचं. मी घातलंसुद्धा. मग चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात गेला आणि परत आला तो प्रकरण कोर्टात चालू आहे असा शेरा घेऊन. नेमणूक थांबवली. मी दोनदा जाऊन भेटले, अर्ज दिले. एका बाईंनी खाली मान घालून फाईल चाळत मला विचारलं, "बिना पूछे गाड़ी क्यों ले गई थी?" अपघाताचं कोणाला काही वाटत नव्हतं, अपघात कोणाच्याही हातून होतो. बापाला फसवणारी मुलगी, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. यादीची मुदत संपली. केस चार वर्षं चालली, मी गुन्हा कबूल केला, दंड भरून सुटले. मिस्त्रीच्या भरपाईचं जे कंपनीनं एका वर्षात दिलं असतं ते आपल्या घरातून तुकड्यातुकड्यानं गेलं. गाडी विकली ती त्यासाठीच. त्याला गरज होती तेव्हा ती रक्कम मिळाली नाही, हे खरं. तो परत परांचीवर, भिंतीवर चढला नाही. त्याची बायको मला कोर्टात दर तारखेला दिसायची. एकदाही तिनं मला तोंडावर खोटारडी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तुमची बढती झाली. तीन वर्षांनी निरोप समारंभ झाला. मी तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसले होते. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. तुम्ही माईकसमोर उभे राहून म्हणालात, "पैंतीस साल की नौकरी में एक दाग नहीं लगा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं डोळे पुसले. पुढच्या रांगेत एजंटकाका बसला होता, तुम्ही बोलावलं होतं त्याला. तो मागे वळून माझ्याकडे पाहून कौतुकानं मान डोलावत होता. मी टाळ्या वाजवल्या का, ते मला आठवत नाही. वाजवल्या असतील.

मी विम्याच्या कामात कशी आले, हे लोक विचारतात. मी सांगते, नोकरी मिळेना म्हणून. शंकर नगरातली ती पाणी देणारी मुलगी आठवत होती, तिला जाऊन भेटले. तिनं मला चिकटवून घेतलं. पाच-सहा वर्षांनी तिथून निघून स्वतःचं टेबल मांडलं. आता कंपन्यांची तुलना मोबाईलवर दोन मिनिटांत होते, माझी गरजच काय, असं लोकांना वाटतं. पण स्क्रीनवर फक्त स्वस्त काय ते दिसतं. दावा आला की कोण फोन उचलतं, कोण सहा चकरा मारायला लावतं, कोणत्या बारीक अक्षरात काय वगळलंय, हे दिसत नाही. मी ते सांगते. आणि एक गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून माझ्यासमोर करून घेते. पॉलिसीचा नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघायचा. मी दिली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. मग ती मोबाईलमध्ये उतरवून घ्यायची, छापील प्रत गाडीच्या कप्प्यात ठेवायची, घरच्या एकाला पाठवायची. लोक हसतात. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बेटी, तू तो अपने ऊपर भी भरोसा नहीं करती." मी म्हटलं, हव.

तुमच्या शेवटच्या महिन्यातली एक गोष्ट आहे. तुम्हाला तपासायला घेऊन चालले होते, माझ्या गाडीतून. आई मागे होती. तुम्ही बाजूला, पट्टा बांधून, अर्धे झालेले. तेलीबांध्याच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि तुम्ही एकदम विचारलंत, "कागद आहेत नं बरोबर?"

तुम्ही काय म्हणून विचारलंत, कोण जाणे. काळजी असेल. कदाचित इतक्या वर्षांनी तो विषय काढायची तुमची तीच रीत असेल. मी इतकी वाट पाहत होते त्या विषयाची, आणि आला तेव्हा मी काय केलं? कप्पा उघडला, पाकीट काढलं आणि पॉलिसी तुमच्या मांडीवर ठेवली. "पाहा. चालू आहे. तारीख वाचा."

"चष्मा नाही आणला," तुम्ही म्हणालात.

"मी वाचते." आणि मी वाचली, बाबा. कंपनीचं नाव, गाडीचा नंबर, मालकाचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. सगळं मोठ्यानं वाचलं. मागे हॉर्न वाजत होते. आई म्हणाली, "अगं चाल नं, सिग्नल सुटला." तुम्ही कागदावर हात ठेवून बसला होतात. मी तो कागद तुमच्या हाताखालून ओढून घेतला आणि गाडी काढली. त्यानंतर तुम्ही माझ्याशी पाण्याचं, औषधाचं, उशीचं बोललात. दुसरं काही नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी शेवटचं गोड बोलायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. मला फक्त वाटतं की तुमचा चष्मा तेव्हा घरी राहायला नको होता.

आत्ता आई दारात येऊन गेली. "काय लिहून राहिली एवढं?" म्हणाली. "एकाची पॉलिसी आहे," मी म्हटलं. "जेवून घे मग," म्हणाली आणि गेली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून आता राहिलेलं लिहिते. आईला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं.

अपघाताच्या साधारण दोन आठवडे आधीची दुपार. घरचा फोन वाजला. एजंटकाका होता. तुमचा मोबाईल लागत नव्हता म्हणून घरी केला होता. "बेटा, बाबाले सांग, संध्याकाळी मले फोन करा म्हणावं. गाडीच्या कागदाचं जरा राहून गेलं आहे. विसरू नको हं." मी बरं म्हटलं. विसरले नाही. संध्याकाळी तुम्ही आलात, चपला काढता काढता रोजच्यासारखं विचारलंत, "कोणाचा फोन-गिन?" आणि मी म्हटलं, "नाही." ते ओल्या बशीखालचं पान मला तेव्हाही दिसत होतं. वाटलं, तुमचा माणूस आहे, तुम्हीच शोधा. काका पुन्हा करेल, असंही वाटलं. त्यानं केला नाही.

ठाण्यातल्या तुमच्या त्या वाक्याला मी माफ केलेलं नाही, आणि या फोनामुळे ते वाक्य खरं होत नाही. ते मी वेगळं ठेवते. पण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की निरोप दिला असता तरी तुम्ही नुसतं "येईल" म्हणून पेपर उघडला असता. आज लिहिताना कळतंय की तसं झालं नसतं. आपल्या माणसाचा फोन तुम्ही कधीच टाळला नाही. चहा निवू देऊन, उभ्या उभ्या, त्याच संध्याकाळी केला असता.